कचऱ्याच्या वाफेतून गारवा

मुंबईतल्या खारदांड्याच्या कोळणीच्या टोपलीत पापलेटावर बर्फाचा चुरा पसरलेला असतो. तो बर्फ बनवायला वीज लागते. पण गारवा वाफेवरही तयार होतो.

कचरा जाळून वीज करताना त्यातली साधारण पाव उष्णताच विजेत उतरते. उरलेली बहुतेक वाया जाते. कोपनहेगनच्या आमागर बाक्के प्रकल्पात ती गरम पाण्याच्या नळांतून घरोघरी पोचते. मुंबईला ऊब नको, गारवा हवा. त्यासाठी शोषण-यंत्र असते. त्यातल्या निर्वात टाकीत पाणी 5 अंशांच्या आसपासच उकळते आणि भोवतालची उष्णता ओढून घेते. ती वाफ लिथियम ब्रोमाइडचे द्रावण शोषते. प्रकल्पातून आलेली तापलेली वाफ द्रावणातून पाणी पुन्हा मोकळे करते. पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी यंत्रे बनवते. बर्फासाठी मात्र अमोनियाचे यंत्र लागते.

देवनारचा महापालिकेचा प्रकल्प रोज 600 टन कचऱ्यापासून वीज करण्यासाठी आखलेला आहे. वाफ फार लांब नेता येत नाही. म्हणून अशा प्रकल्पाशेजारीच शीतगृह हवे. आणि ओला कचरा भट्टीची उष्णता खातो. तेव्हा ओला-सुका कचरा घरातच वेगळा करा. सुरुवात तिथूनच होते.