गिअरची जागा सांगणारा स्विच

मीरा-भाईंदरमधील हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत ट्रक मागे घेताना तुम्ही पाहिला असेल. चालकाने रिव्हर्स टाकला की मागचा पांढरा दिवा आपोआप लागतो. गिअरपेटीवरचा एक लहानसा स्विच ही करामत करतो.

काही डंपरना व अग्निशामक गाड्यांना स्वयंचलित गिअरपेटी असते. तेथे क्लचचे पेडल नसते आणि या स्विचची जबाबदारी वाढते. गिअर पडलेला असताना इंजिन सुरू झाले, तर गाडी लगेच सरकू लागेल. पुढे माणूस उभा असेल तर? म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये (पार्क असल्यास त्यातही) असल्याखेरीज हा स्विच सेल्फ लागू देत नाही.

स्विच बिघडला की तसाच दिसणारा दुसरा आणून बसवला, की झाले? जरा हिशेब करू. समजा, दिव्यांचा प्रवाह थेट स्विचमधून जातो. २१ वॅटचे दोन दिवे आणि २४ व्होल्टची बॅटरी असेल, तर ४२ भागिले २४ म्हणजे १.७५ अँपिअर. १२ व्होल्टच्या गाडीत तोच ३.५ अँपिअर! याउलट, जो स्विच संगणकाला फक्त खूण करतो, त्यातला प्रवाह अगदी क्षीण असतो. मग दणकट स्विच दोन्हीकडे चालेल, असे वाटते ना? येथेच गंमत आहे. घरातली चांदीची भांडी काळवंडतात, तसा थर स्विचमधल्या चांदीच्या टोकांवरही चढतो. मोठा प्रवाह ठिणगीने तो जाळून टाकतो, क्षीण प्रवाहाला ते जमत नाही. म्हणून खुणेच्या स्विचमध्ये पुष्कळदा सोन्याचा मुलामा असतो. आणि मोठ्या प्रवाहापुढे तो टिकत नाही.

शिवाय सांकेतिक भाषा निराळीच. काही स्विचना खुणेच्या चार तारा असतात. तीन तारांच्या चालू-बंद अवस्थांतून ८ खुणा होतात. चौथी तार अशी जोडतात, की चालू तारांची संख्या नेहमी सम राहावी. चालू असायला हवी अशी एखादी तार तुटली, की संख्या विषम होते आणि संगणकाला बिघाड कळतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन स्विचांची भाषा एकच असेल, असे मात्र नाही.

त्यामुळे जाणता मेकॅनिक आधी गिअरपेटीच्या पट्टीवरचा व जुन्या स्विचवरचा क्रमांक पाहतो. मग व्होल्टेज, प्लगमधल्या पिना आणि दांड्याचे भोक जुळवतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवूनच तो स्विच आवळतो. शेवटी चाकांना गुटके लावून, ब्रेक घट्ट दाबून, प्रत्येक गिअरमध्ये किल्ली फिरवून पाहतो. पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये सेल्फ लागला, तर ती गाडी गॅरेजबाहेर जात नाही.