सहा मीटरची रिबन आणि डहाणू लोकल

वय वर्षं सोळा. आठवतंय, तेव्हा आपण काय करत होतो? अकरावीच्या ॲडमिशनचं टेन्शन, नाहीतर क्लासबाहेरच्या कट्ट्यावर टाइमपास! साधारण त्याच वयात, जून २०२२मध्ये, ठाण्याची संयुक्ता काळे हरयाणातल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत उतरली आणि रिदमिक जिम्नॅस्टिक्सची पाचपैकी पाच सुवर्णपदकं घेऊन घरी आली. हूप, बॉल, क्लब्ज, रिबन आणि या चारही प्रकारांचं मिळून ऑलराउंड. बाकीच्यांना एकही सोनं ठेवलं नाही पोरीने.

पुढच्याच वर्षी गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदकं मिळवत पहिला नंबर काढला. त्यात संयुक्ताची चार सुवर्णं आणि एक रौप्य. ओडिशाकडून खेळणाऱ्या प्रणती नायकचा हिशेबही अगदी तेवढाच, त्यामुळे सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान दोघींना विभागून मिळाला. दोघीही जिम्नॅस्ट! तरी ऑफिसात कुणाला संयुक्ताचं नाव विचारून बघा. मी चार मैत्रिणींना विचारलं. एकीने ‘सिरियलमधली का?’ म्हटलं.

प्रणतीचा खेळ आर्टिस्टिक, संयुक्ताचा रिदमिक. आर्टिस्टिक म्हणजे व्हॉल्ट, बार, बीम, फ्लोअर; टीव्हीवर दिसतं ते. बीमची रुंदी फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे मोबाइल आडवा ठेवला तर कडेने बाहेर डोकावेल. रिदमिकमध्ये बीमवरून पडायची भीती नाही, म्हणून लोक त्याला ‘नाच’ समजतात. माझाही आधी तसाच समज होता, रिबनबद्दल वाचेपर्यंत.

सिनियर मुलींची रिबन कमीत कमी सहा मीटर लांब असते. सहावारी साडीपेक्षा हातभर जास्तच! एका काडीला बांधलेली ही साडी दीड मिनिटाच्या आत संपणाऱ्या संचात सतत फिरत ठेवायची. मध्येच काडी हवेत फेकायची, खाली गिरक्या मारायच्या आणि न बघता पकडायची. गाठ पडली, मार्क गेले. हातातून सुटली आणि उचलायला तीन पावलं चालावं लागलं, तर एका फटक्यात अख्खा गुण गेला. शिवाय वाऱ्याने रिबन भरकटते, म्हणून सरावाला पंखे बंद. मे महिन्यात, ठाण्यातल्या दमट हवेत. आपण एसीचं तापमान २४ की २२ यावर मेल लिहिणारी माणसं!

आणि अख्खा गुण म्हणजे किती, हे कळायला पॅरिस आठवा. २०२४च्या ऑलिम्पिकमधला तो व्हिडिओ तुम्ही नक्की फॉरवर्ड केला असणार. पोडियमवर इटलीच्या दोघी फोटोसाठी पदक चावताहेत, आणि बाजूची चिनी मुलगी आधी त्यांच्याकडे बघते, मग आपलंही पदक हळूच दातांशी नेते. ती झोऊ याचिन, वय १८. बीमवर तोल जाऊन तिचे हात टेकले होते, तरी १४.१०० गुणांवर रौप्य मिळालं. कांस्यपदकवालीला १४.०००. फरक एक दशांश! आपल्या दीपा कर्माकरचं २०१६च्या रिओमध्ये व्हॉल्टचं कांस्य ०.१५० गुणांनी हुकलं, ती चौथी आली. सगळं करिअर या अपूर्णांकांवर उभं असतं.

झोऊच्या व्हिडिओच्या गर्दीत एक मोठी बातमी राहून गेली. त्यानंतर पाचच दिवसांनी चीनच्या मुलींनी रिदमिकचं सांघिक सुवर्ण जिंकलं. १९९६पासून ते पदक कधी युरोपाबाहेर गेलं नव्हतं. म्हणजे ‘हा खेळ रशिया-बल्गेरियाच्या मुलींचाच, आपल्या अंगकाठीचं काम नाही’ हे वाक्य आता कुठल्याही सरांना तोंडावर मारता येणार नाही. चीनमध्ये मुली अगदी लहानपणी क्रीडाशाळेत जातात, राहणं-खाणं-शिकणं सगळं तिथेच. ते सगळं आपल्याकडे यावं असं मी म्हणत नाही. सहा वर्षांच्या मुलीला घरापासून तोडणं मला झेपत नाही. पण एक गोष्ट साधी आहे. तिथे मुलगी सरावाच्या हॉलमध्येच राहते. आपल्याकडे तिला हॉलपर्यंत पोहोचावं लागतं.

संयुक्ताच्या बाबतीत ठाण्याचं नशीब असं की तिथे आधीची पिढी हजर होती. तिला घडवणाऱ्या प्रशिक्षकांतल्या पूजा सुर्वे स्वतः २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या रिदमिक संघात होत्या. त्या संघात त्यांच्याबरोबर क्षिप्रा जोशी आणि अक्षता शेटे, म्हणजे तिन्ही नावं मराठी! खेळणारीने पुढे शिकवायचं ठरवलं आणि गावातच राहिली, की असं होतं. तरीही एक आकडा टोचतो. रिदमिक १९८४पासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि भारताची एकही मुलगी आजवर त्यात तिथे पोहोचलेली नाही. देशात पाचपैकी पाच जिंकूनही पुढचा जिना इतका उंच आहे.

आता मी बोईसरची, मला या सगळ्यात काय? तर १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर पालघर, बोईसर, डहाणू सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे संयुक्ता लहान असताना आमच्याकडची एखादी सहा वर्षांची मुलगी आणि ती कागदावर एकाच जिल्ह्याच्या खेळाडू. एका जिल्ह्याच्या दोन टोकांना. चर्चगेटपासून बोईसर शंभर किलोमीटरच्या पुढे. लोकल डहाणूपर्यंत आली तीच मुळी २०१३मध्ये. तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९पासून चालू आहे, पण आमच्या शाळेत जिम्नॅस्टिक्स म्हणजे २६ जानेवारीचे मानवी मनोरे, लेझीम आणि पीटीच्या खोलीत गुंडाळून ठेवलेली एक मॅट. ती मॅट पूर्ण उघडलेली मी तरी पाहिली नाही. रिदमिकला १३ मीटर बाय १३ मीटरचं कार्पेट लागतं, आणि वर हूप न अडकेल एवढं उंच छत.

बोईसरहून ठाण्याला सरावाला जायचं तर बोरिवलीपर्यंत लोकल, तिथून घोडबंदर रोडने बस. घोडबंदरचा ट्रॅफिक ज्यांनी अनुभवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आठवड्यातून सहा दिवस, शाळा सांभाळून? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते पुढचं. त्याआधी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन रोज कुणीतरी गाडीत बसायला हवं ना! बहुतेक घरांत ते ‘कुणीतरी’ म्हणजे आई.

अशी एक आई मला डहाणू लोकलच्या लेडीज डब्यात भेटते. नवरा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शिफ्टला, मुलगी आठ वर्षांची, आठवड्यातून तीनदा बोरिवलीला जिम्नॅस्टिक्सचा क्लास. मी विचारलं, ‘वहिनी, झेपतं का हो?’ त्या हसल्या. ‘अगं, क्लास दीड तासाचा आणि जाऊन-येऊन प्रवास तीन तासांचा. ह्यांचं म्हणणं, एवढ्या वेळात तिचं स्कॉलरशिपचं पुस्तक संपेल. मी सांगितलंय, पुस्तक गाडीत संपवू.’ पिशवीतून खरंच पुस्तक बाहेर आलं, कोपरे दुमडलेलं. मी संयुक्ताबद्दल सांगितलं तर त्यांना सगळं माहीत होतं, गोव्याच्या पदकांसकट. उलट मलाच म्हणाल्या, ‘ती ठाण्याची गं. आमचं बघू, पाचवीपर्यंत तरी जमवते. नंतर हिच्या ट्युशन लागल्या की...’ वाक्य अर्धंच राहिलं, कारण विरारला गर्दी चढली.

मुलगी तोवर खिडकीजवळ झोपली होती, पाय समोर ताठ ताणून, अंगठे बाहेर काढून. सफाळ्याला उतरणाऱ्या एका मावशीने आपली टोपली डोक्यावर घेतली आणि ते पाय ओलांडून ती दाराकडे गेली.