लहान शेती शिकताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेंद्रिय किंवा नैसर्गिक शेतीच्या प्रशिक्षणाला हल्ली दोन प्रकारची माणसं येतात. काहींकडे वडिलोपार्जित दोन-तीन एकर असतात आणि खत-फवारणीचा खर्च आता त्यांच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. बाकीची शहरात नोकरी करणारी असतात. त्यांना गावच्या जमिनीकडे परत यायचं असतं किंवा नव्याने जमीन घ्यायची असते. दोघांच्या अडचणी वेगळ्या, पण अपेक्षा बहुधा सारखीच: कुणीतरी एका दिवसात पक्का नुस्खा सांगेल आणि घरी जाऊन तो करून बघता येईल.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर आहे. देशातले ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले आहेत. एवढ्या जमिनीत एक हंगाम चुकला तर त्याची भरपाई करायला दुसरा तुकडा नसतो. म्हणून प्रशिक्षणातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे नाव नोंदवण्याआधीच नीट समजून घ्यायला हवं.

“एक दिवसाचं शिबिर पुरे होतं”

शेतकऱ्याला सभागृहात बसवून पडद्यावर चित्रं दाखवणं हा प्रशिक्षणाचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार आहे. आपल्याकडची यंत्रणा मुळात त्यासाठी उभी राहिलेलीच नाही. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झालं, ते करत करत शिकण्याच्या तत्त्वावर. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रं आहेत. नवं तंत्र शेतकऱ्याच्याच रानात तपासून पाहणं, पिकाची प्रात्यक्षिकं घेणं आणि हाताला काम शिकवणं ही त्यांची नेमून दिलेली कामं आहेत. तुमच्या जिल्ह्यातल्या केंद्रात गेलात तर व्याख्यानांची यादी मागू नका. या हंगामात प्रात्यक्षिकाचे प्लॉट कुठे आहेत ते विचारा आणि तिथे जा.

हंगामभर चालणारी शेतीशाळा हा त्याहून पुढचा प्रकार आहे. तिचा उगम इंडोनेशियातल्या भातशेतीत आहे. १९८० च्या दशकात तिथे तपकिरी तुडतुड्यांनी भाताचा फडशा पाडला. फवारण्या जितक्या वाढल्या तितकी कीड वाढत गेली, कारण औषधाने तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने ५७ कीटकनाशकांच्या भातावरच्या वापरावर बंदी घातली. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. वीस-पंचवीस शेतकरी दर आठवड्याला एकाच शेतात जमायचे, झाडं निरखायचे, मोठ्या कागदावर पिकाचं चित्र काढून एका बाजूला किडी आणि दुसऱ्या बाजूला मित्रकीटक मांडायचे आणि मग फवारायचं की थांबायचं ते आपसात ठरवायचे. आपल्याकडे कृषी विभागाने ही पद्धत उचलली. विदर्भ-मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांना ती नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पामुळे माहीत झाली.

पडद्यावर बघून येत नाहीत अशा गोष्टी इथे कळतात. ढालकिडा सगळ्यांना ओळखता येतो. त्याची अळी मात्र काळपट, लांबुळकी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली असते. ती मावा खाते, पण दिसायला विचित्र असल्यामुळे कीड समजून तिच्यावरच फवारणी होते. हातात घेऊन एकदा पाहिलेली अळी माणूस पुन्हा विसरत नाही. कामगंध सापळ्यांचंही तसंच आहे. कपाशीत हेक्टरी पाच सापळे लावतात ते बोंडअळी संपवायला नव्हे, ती किती आहे हे कळावं म्हणून. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपायाची वेळ आली, असं ते गणित आहे. सापळा लावून न मोजणाऱ्याचे पैसे वाया जातात.

“जीवामृत घातलं की खताचा प्रश्न मिटला”

हा गैरसमज सर्वात जास्त पसरलेला आहे आणि त्याने नुकसानही सर्वात जास्त होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

विदर्भातल्या सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेल्या पद्धतीत जीवामृताचं प्रमाण ठरलेलं आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एवढं एका एकराला. आता यातलं नत्र मोजू. शेणातून फार तर ५० ग्रॅम, गोमूत्रातून १०० ग्रॅमच्या आसपास, बेसनातून सत्तरेक ग्रॅम. सगळं मिळून सव्वादोनशे ग्रॅम. दहा क्विंटल गहू पिकवताना दाणे आणि काड मिळून जमिनीतून साधारण २५ किलो नत्र उचललं जातं. हंगामात जीवामृत आठ वेळा सोडलं तरी दोन किलोही नत्र भरत नाही.

याचा अर्थ जीवामृत निरुपयोगी आहे, असा नाही. त्याचे समर्थकही त्याला खत म्हणत नाहीत, जिवाणूंचं विरजण म्हणतात. मूळ पद्धतीत त्याच्या जोडीला बीजामृत, आच्छादन आणि वाफसा आहेत, शिवाय आंतरपिकं आहेत. द्विदल आंतरपीक हवेतलं नत्र बांधतं, आच्छादन कुजून जमिनीला परत मिळतं. मग शिबिरात फक्त ड्रमच का दिसतो? कारण ड्रम अर्ध्या तासात ढवळून दाखवता येतो. आच्छादनाखालची जमीन बदललेली दाखवायला दोन-तीन हंगाम लागतात. पटकन दाखवता येतं तेच शिकवलं जातं आणि शिकणारा तेवढंच घेऊन घरी जातो. मग पहिल्याच वर्षी खत एकदम बंद करतो, उत्पन्न कोसळतं आणि ‘सेंद्रिय शेती परवडत नाही’ हे त्याच्या मनात कायमचं बसतं. ज्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, त्याचंच नुकसान होतं, ही गोष्ट मला फार लागते.

त्यामुळे प्रशिक्षकाला एक प्रश्न विचारायलाच हवा: माझ्या पिकाला लागणारं नत्र, स्फुरद, पालाश नेमकं कुठून येणार? चांगला प्रशिक्षक उत्तर आकड्यात देतो. एकरी पाच टन चांगलं कुजलेलं शेणखत म्हणजे साधारण २५ किलो नत्र. ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्याने फुलोऱ्याआधी गाडला तर हेक्टरी ५० किलोहून अधिक. आधी माती तपासून घेतली असेल तर यातलं किती लागेल तेही सांगता येतं. मातीचा नमुना घेणं हे तर हातानेच शिकायचं काम आहे: शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरून खाली सारख्या जाडीने खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याच्या जागेची माती घ्यायची नाही. नमुना चुकला तर प्रयोगशाळेचा अहवालही चुकीचाच येणार.

याला जोडूनच ‘गोठाभर गुरं नसतील तर सेंद्रिय शेती होत नाही’ असंही म्हटलं जातं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी याला उत्तर दिलेलं आहे. त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या नॅडेप पद्धतीत जाळीदार भिंतींच्या टाक्यात काडीकचरा, माती आणि शेणकाला यांचे थर भरतात. एका टाक्याला शेण लागतं शंभर किलोच्या आसपास, बाकी सगळी धसकटं, पालापाचोळा, तण. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. पण थर किती ओला हवा, वरून किती लिंपायचं, भेगा पडल्या तर काय करायचं, हे टाकं स्वतः भरल्याशिवाय कळत नाही.

गांडुळांबद्दल एक लहान खुलासा. गांडूळखताच्या वाफ्यातली आयसेनिया फेटिडा ही जात कुजका पाला खाऊन वरच्या थरात राहते. ती शेतात सोडली की जमीन नांगरून देईल, ही समजूत चुकीची आहे. जमिनीत खोल बिळं करणारी देशी गांडुळं वेगळी असतात. आच्छादन, ओल आणि विषमुक्त माती मिळाली की ती आपोआप वाढतात, विकत आणावी लागत नाहीत.

“नैसर्गिक म्हणजे निर्धोक”

तंबाखूच्या अर्कातलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं आणि माणसाला आजारी पाडतं. वनस्पतीचा अर्क आहे म्हणून हातमोजे, मास्क टाळून चालत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती रासायनिक औषधं होती, पण वाऱ्याच्या दिशेने फवारायचं, पूर्ण कपडे घालायचे, पंपाची गळती आधी तपासायची, हे सगळ्याच फवारण्यांना लागू आहे. प्रशिक्षणाचा पहिला तास यालाच द्यायला हवा.

निंबोळी अर्काचा ‘उपयोग होत नाही’ असं म्हणणारेही भेटतात. बहुतेकदा निंबोळ्या जुन्या असतात किंवा फवारणी भर उन्हात झालेली असते. कडुनिंबातला अ‍ॅझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवायच्या, पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळून १०० लिटरचं द्रावण करायचं आणि संध्याकाळी फवारायचं.

“घरचं बियाणं दुय्यम असतं”

संकरित वाणाचं बियाणं राखून पेरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, हे खरं. पण सोयाबीन, हरभरा, गहू यांचे सरळ वाण स्वपरागसिंचित आहेत. त्यांचं घरचं बियाणं दोन-तीन हंगाम व्यवस्थित वापरता येतं, फक्त उगवण तपासायला हवी. पद्धत सोपी आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे ठेवा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि आठवड्याच्या आत चांगले कोंब मोजा. सोयाबीनचे ७० किंवा जास्त दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्याहून कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं किंवा तो लॉट बाजूला ठेवायचा. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. थप्पी उंच लावली, पोती आपटली की उगवण घटते. म्हणजे बियाण्याची काळजी मळणीपासूनच सुरू होते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. बायफ संस्थेची त्यांना मदत झाली, पण कोणत्या वेलाचं फळ बियाण्याला ठेवायचं ही त्यांची नजर परसबागेत तयार झाली आहे.

“प्रमाणपत्र मिळालं की झालं”

इथे तीन वेगळ्या कागदांची सरमिसळ होते. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तुम्ही शिकलात एवढंच सांगतं. त्यावर तुमचा माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. त्यासाठी शेताचं प्रमाणीकरण लागतं आणि तिथे रूपांतरणाचा काळ असतो. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात तो हंगामी पिकांना दोन वर्षं, फळबागांना तीन वर्षं आहे. लहान शेतकऱ्याला निर्यात करायची नसेल तर सहभाग हमी पद्धत जास्त सोयीची. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करायची, खर्च फारच कमी.

तिसरा कागद शहरातून येणाऱ्यांच्या कामाचा. शेती शिकल्याने कायद्याच्या दृष्टीने कुणी शेतकरी होत नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विदर्भ आणि मराठवाड्याचे कायदे वेगळे, पण तरतूद तशीच. आधी कुटुंबातला सातबारा शोधा, मग विसार द्या.

“शेती वाढवायची म्हणजे जमीन वाढवायची”

शेती वाढवण्याचा जमीन घेणं हा सर्वात महाग मार्ग आहे. बायफने १९८० च्या दशकात गुजरातेतल्या वांसदा भागात सुरू केलेली आणि नंतर जव्हार परिसरात आलेली वाडी बघा. एकरभर वरकस जमिनीत आंबा-काजू, झाडं लहान असेपर्यंत मधल्या पट्ट्यात भाजी-कडधान्य आणि बांधावर सरपण-चाऱ्याची झाडं. तेवढ्याच जमिनीत उत्पन्नाचे महिने वाढले. दुसरा मार्ग मालाला एक पायरी पुढे नेण्याचा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी दाल मिल एखाद्या गटाला परवडते. एक क्विंटल तुरीतून सत्तर किलोच्या आसपास डाळ निघते आणि कोंडा-चुणी जनावरांना होते. मात्र हिशेब मांडताना घरच्या माणसांची मजुरी धरा. ती न धरता काढलेला नफा खोटा असतो आणि त्या भरवशावर घेतलेलं कर्ज पुढे अंगावर येतं. ‘एका एकरात लाखो’ सांगणाऱ्या व्हिडिओत हाच आकडा गायब असतो.

“ज्याच्या नावावर सातबारा, त्यानेच शिकायचं”

२०१५-१६ च्या गणनेत देशातल्या खातेदारांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. खुरपणी, बियाणं निवडणं, रोपवाटिका, शेळ्या-कोंबड्या ही कामं मात्र बहुतेक घरांत त्याच करतात. नवरा शिबिराला जाऊन येतो आणि बीजप्रक्रिया बायको करते, तीही ऐकीव माहितीवर. कोणत्याही योजनेच्या नोंदणीत सातबारा मागितला की ती वगळली जाते. केंद्रांना आणि संस्थांना हे बदलता येण्यासारखं आहे. नोंदणी कुटुंबाच्या नावावर घ्या, प्रत्येक घरातून दोघांना बोलवा, वेळ सकाळच्या स्वयंपाकाआधीची किंवा धारेची ठेवू नका आणि मुक्कामी प्रशिक्षण असेल तर लहान मुलं सांभाळायला कुणीतरी नेमा. घरातून दोघं आलो तर चालेल का, हे शेतकऱ्यांनीही नोंदणीच्या वेळीच विचारायला हवं. उत्तर नकारार्थी आलं तर दुसरं केंद्र बघावं.