जुन्या चेहऱ्याचा कॅमेरा: काय खरे, काय ऐकीव

फुजीफिल्मच्या एक्स१०० या कॅमेऱ्याचा विषय निघाला की फोटोवाल्यांच्या गप्पांत वाद ठरलेला. एकाला तो आजवरचा सर्वांत देखणा डिजिटल कॅमेरा वाटतो, तर दुसऱ्याला श्रीमंतांचे महागडे खेळणे. सप्टेंबर २०१० मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात तो पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि मार्च २०११ मध्ये बाजारात उतरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची सहावी आवृत्ती, म्हणजे एक्स१००-सिक्स, जाहीर झाली. या काळात आतले जवळपास सगळे बदलले, चेहरा मात्र तोच राहिला. वादही तेच राहिले, आणि त्यातले बरेचसे ऐकीव माहितीवर चालतात.

‘ही रील्स करणाऱ्या पोरांची हौस आहे’

२०२२-२३ मध्ये पाचवी आवृत्ती, एक्स१००व्ही, टिकटॉकवर गाजली आणि जगभर दुकानांतून गायब झाली. वापरलेला कॅमेरा नव्यापेक्षा महाग विकला जात होता. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासूनच बंद असल्याने ही हवा इन्स्टाग्रामवरून आली. पण कॅमेरा या लाटेसाठी बनलेला नव्हता. तो आला तेव्हा टिकटॉक जन्मालाही आले नव्हते. त्याचे पहिले ग्राहक जड डीएसएलआर उचलून कंटाळलेले, मध्यमवयीन, खिशात पैसे असलेले छायाचित्रकार होते. टंचाईही त्याला पहिल्यापासूनच चिकटलेली आहे. मार्च २०११ च्या भूकंपाने जपानच्या मियागी प्रांतातल्या ताइवा इथल्या कारखान्याचे काम थांबले आणि बाजारात नुकताच येत असलेला कॅमेरा मिळेनासा झाला.

याला जोडूनच दुसरे विधान येते की लोक आठवणींपोटी असा कॅमेरा घेतात. महाराष्ट्रापुरते तरी हे फारसे पटत नाही. आपल्या घरांतल्या जुन्या अल्बममधले फोटो बहुतेक बडोद्याला बनणाऱ्या आगफा क्लिक थ्रीने, पुढे हॉट शॉटने किंवा याशिका एमएफ-२ ने काढलेले असतात. एक्स१०० चा चेहरा साठ-सत्तरच्या दशकांतल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा आहे, आणि ते इथे फार थोड्या घरांत होते. पंचविशीतला मुलगा तो घेतो तेव्हा त्याला आजोबा आठवत नसतात. त्याला हातात मोबाइलसारखी नसलेली वस्तू हवी असते, एवढेच.

‘चकत्या नुसत्या दिखाव्याच्या’

रचनेवरचा हा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो अर्धाच चुकीचा आहे. लेन्सभोवतीची रिंग ॲपर्चर बदलते, वरची एक चकती शटर स्पीड, दुसरी एक्स्पोजरची भरपाई. तिन्ही खरोखर काम करतात. कॅमेरा बंद असतानाही वरून नुसती नजर टाकली तर तो कशावर लावला आहे ते कळते. रिंग आणि शटरची चकती दोन्ही ‘ए’वर ठेवल्या की तो आपोआप चालतो. एखाद्याला फक्त शटर हातात हवे असेल तर एकच चकती फिरवायची. बहुतेक कॅमेऱ्यांत यासाठी आधी मोड निवडावा लागतो. इथे मोडची चकतीच नाही, कारण तिची गरजच उरत नाही. नवशिक्याला एक्स्पोजर शिकवायचे असेल तर याहून सरळ मांडणी मला तरी माहीत नाही.

आक्षेपाचा खरा अर्धा भाग आयएसओपाशी आहे. चौथ्या आवृत्तीपासून शटरच्या चकतीतच एक छोटी खिडकी आहे. बाहेरची कडा उचलून फिरवली की तिच्यातला आयएसओचा आकडा बदलतो. फिल्मच्या कॅमेऱ्यांत ही सोय अगदी योग्य होती, कारण रोल भरताना आकडा एकदा लावला की छत्तीस फोटोंपर्यंत त्याला हात लावायचा नसे. डिजिटलमध्ये आयएसओ दर फोटोला बदलू शकतो. अंधारात ती कडा चिमटीत धरून उचलणे म्हणजे जुन्याची कारणाशिवाय केलेली नक्कल. बरेच जण आयएसओ ‘ऑटो’वर टाकून हा प्रश्न मिटवतात.

‘ही लायकाची नक्कल आहे’ असेही सर्रास म्हटले जाते. दिसण्यात साम्य आहे, पण आत रेंजफाइंडर नाही. लायकाच्या एम मालिकेत दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून हाताने फोकस करतात, तर एक्स१०० ऑटोफोकसवर चालतो. त्याची स्वतःची करामत वेगळीच आहे. पुढच्या बाजूला एक खटका आहे. तो ओढला की डोळ्यासमोरची साधी काच जाऊन तिथे इलेक्ट्रॉनिक पडदा येतो, पुन्हा ओढला की काच परत. काचेतून पाहताना त्यावर चौकटीच्या उजळ रेषा आणि आकडे उमटतात. चौकटीबाहेरचेही दिसत असल्याने रस्त्यावरचा माणूस चौकटीत शिरण्याआधीच नजरेत येतो. तोटा असा की काच लेन्सच्या बाजूला असल्याने जवळच्या वस्तूची चौकट थोडी सरकते. फूटभरावरच्या फुलासाठी पडदाच बरा.

‘लेन्स बदलत नाही, झूम नाही, मग एवढे पैसे कशाचे?’

लेन्स एकच आहे, २३ मिलिमीटरची, एफ/२. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात ३५. ती निघत नाही याला कारण आहे. या कॅमेऱ्याचे शटर लेन्सच्या आत आहे. पाती मधून उघडतात आणि मिटतात, आवाज जवळजवळ होत नाही. मुख्य म्हणजे भर उन्हातही फ्लॅश अतिशय वेगवान शटरबरोबर चालतो. लेन्स बदलणारे बहुतेक कॅमेरे यासाठी सेकंदाच्या १/१८० ते १/२५० भागापाशी अडतात. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टरही आतच बसवला आहे. त्यामुळे दुपारी बारालाही एफ/२ वर मागची गर्दी धूसर करून चेहरा टिपता येतो. लेन्स आणि सेन्सर एकमेकांसाठी बेतलेले असल्यानेच ती इतकी बुटकी राहिली.

आता आकडे. पहिला एक्स१०० अमेरिकेत १,१९९ डॉलरला आला, सहावा १,५९९ ला. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘कंपनी लुटते’ म्हणणारे महागाई विसरतात. २०११ च्या मार्चमधले १,१९९ डॉलर म्हणजे २०२४ च्या सुरुवातीचे साधारण १,६६० डॉलर. म्हणजे तेरा वर्षांत १२ मेगापिक्सेलचे ४० झाले आणि हात हलला तरी प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा आत आली, तरी खरी किंमत किंचित उतरलीच होती. २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवल्यावर ती १,७९९ झाली, ती गोष्ट निराळी.

आपल्याला मात्र तो दुपटीहून महाग झालेला वाटतो, आणि तसा तो झालाही आहे. २०११ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या सुरुवातीला ८३ च्या. नुसता गुणाकार केला तर ५४ हजारांचे सुमारे १ लाख ३३ हजार होतात. शिवाय अमेरिकेतल्या छापील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आपल्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. दीड लाखाच्या वरचा आकडा असा तयार होतो. रुपयाच्या घसरणीचा राग रचनेवर काढण्यात अर्थ नाही. राग काढायचाच तर टंचाईचा फायदा घेऊन छापील किमतीवर पैसे लावणाऱ्यांवर काढावा. मुंबईच्या बोराबाजारात काय किंवा ऑनलाइन काय, बिल आणि भारतातली वॉरंटी नसलेला नग ‘स्वस्तात’ घेण्याआधी दोनदा विचार करावा. लेन्स निघत नसल्याने आत धूळ किंवा बुरशी शिरली तर घरी पुसता येत नाही, पूर्ण कॅमेरा दुरुस्तीला पाठवावा लागतो.

बुरशीवरून आठवले. ‘पाऊस चालतो’ हे विधान अर्धवट आहे. पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीला पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण आहे, पण लेन्सच्या तोंडावर वेगळी रिंग आणि फिल्टर बसवल्यावरच. कोकणातल्या जुलैत हा फरक महाग पडू शकतो.

‘कॉम्पॅक्ट’ या शब्दावरही फार विसंबू नये. बॅटरीसकट सहावी आवृत्ती ५२१ ग्रॅमची आहे. जॅकेटच्या खिशात मावते, पँटच्या नाही. खिशातलाच हवा असेल तर त्याच्या जवळपास निम्म्या वजनाचा रिकोचा जीआर आहे. तो दिसायला अगदी साधा आहे आणि त्यात व्ह्यूफाइंडरही नाही.

‘मोबाइलवर फिल्टर लावला की तेच’

सेन्सरचे क्षेत्रफळ बघा. एक्स१०० चा सुमारे ३७० चौरस मिलिमीटर, तर मोबाइलमधला मोठ्यात मोठा गणला जाणारा ‘एक इंची’ प्रकारचा सुमारे ११६. (नाव एक इंची असले तरी त्याचा कर्णही जेमतेम १६ मिलिमीटर असतो.) म्हणून चेहऱ्यामागची धूसरता मोबाइलला हिशेब करून रंगवावी लागते आणि केसांच्या कडेला ती फसते. उलट रात्रीचा स्थिर देखावा किंवा खिडकीतले ऊन आणि खोलीतला अंधार एका फोटोत आणणे मोबाइल कितीतरी कमी श्रमांत करतो. तिथे दीड लाख घालवून हरायला होते.

रंगांबद्दलही गोंधळ आहे. फुजीच्या ‘फिल्म सिम्युलेशन’मध्ये सेन्सरवरच्या माहितीतून जेपेग बनवतानाच रंग आणि छटांची वळणे ठरतात. तयार फोटोवर नंतर चढवलेला तो थर नसतो. रॉ फाइल कोरीच राहते. व्हेल्विया, प्रोव्हिया, ॲक्रोस या खऱ्या फुजी फिल्म होत्या. पण सर्वांत लाडकी ‘क्लासिक क्रोम’ ही फुजीची कोणतीच फिल्म नव्हे. २०१४ मध्ये ती डिजिटलसाठीच घडवली गेली. तेव्हा ‘हुबेहूब फिल्म’ हा दावा कुणी केला तर हसून सोडून द्यावा. रंग सुंदर आहेत, तेवढे पुरे.

निव्वळ दिखाव्याचा आरोप मी कुणावर करेन तर तो फुजीच्याच २०२५ च्या एक्स हाफवर. ८४९ डॉलरला आलेल्या या कॅमेऱ्यात एक इंची प्रकारचा सेन्सर आहे आणि रॉ फाइल मिळतच नाही. एक खास मोड निवडला की ‘रोल’ संपेपर्यंत काढलेले फोटो दिसत नाहीत, आणि दर फोटोनंतर लिव्हर ओढावा लागतो. गंमत म्हणून झकास. पण एक्स१०० च्या चकत्यांना काम आहे, या लिव्हरला नाही. आणि दोघांना एकाच तराजूत घालून ‘रेट्रो म्हणजे फसवणूक’ म्हणणारे पहिल्यावर अन्याय करतात.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा बाजार एरवी कोसळलेलाच आहे. २०१० मध्ये जगभर असे दहा कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये हा आकडा वीस लाखांच्याही खाली होता. मोबाइल जे करतो तेच करणारे सगळे गेले, वेगळे काही देणारे थोडे टिकले.

घ्यायचा की नाही हे ठरवताना दिसणे बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट तपासा: ३५ मिलिमीटरची एकच चौकट तुम्हाला पुरते का? घरात एखादा जुना डीएसएलआर आणि त्याची १८-५५ची किट लेन्स पडून असेल तर ती साधारण २३ मिलिमीटरवर फिरवा, वरून चिकटपट्टी लावा आणि महिनाभर तशीच वापरा. पट्टी काढावीशी वाटली नाही, तर पैसे साठवायला लागा. दुसऱ्या आठवड्यातच काढावीशी वाटली, तर तेवढ्याच पैशांत चांगली मिररलेस बॉडी आणि दोन लेन्स येतात.