लाडू आधी फ्रीझरमध्ये ठेवा
(गोठलेले धबधबे : भाग चौथा)

किनाऱ्यावरच्या किहीमला जानेवारीच्या पहाटेही पारा 15 अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. त्याच पहाटे स्पितीत, सुमारे 3,700 मीटर उंचीवरच्या काझाला, तो उणे 20च्या पलीकडे गेलेला असू शकतो. लिंगटी किंवा पिनच्या खोऱ्यात गोठलेल्या धबधब्यावर चढायला निघालेल्या किनाऱ्यावरच्या माणसाची खरी अडचण ही की, घेतलेली एकही वस्तू त्या थंडीत वापरून बघायची सोय त्याला घराजवळ नाही. म्हणून बहुतेकजण दुकानदाराच्या शब्दावर विसंबतात आणि पहिली परीक्षा थेट बर्फावर होते. हे टाळता येतं. घरातला फ्रीझर साधारण उणे 18 अंशांवर चालतो. म्हणजे स्पितीची रात्र स्वयंपाकघरात आहेच, ती वापरायची.

सुरुवात खाण्यापासून करू, कारण फ्रीझर तिथे सगळ्यात स्पष्ट उत्तर देतो. नेणार असाल तो प्रत्येक पदार्थ रात्रभर आत ठेवा आणि सकाळी बाहेर काढल्या काढल्या चावून बघा. तुपातला डिंकाचा लाडू दगडासारखा होतो. चिक्कीला दात लावायची हिंमत होत नाही. चपाती, भाकरी, उकडलेलं अंडं, म्हणजे ज्यात पाणी आहे ते सगळं, बाद. शेंगदाणे, काजू आणि बिया काढलेला मऊ खजूर मात्र खाण्याजोगे राहतात. याचा अर्थ लाडू घरी ठेवायचा असा नाही. तुपाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी मिळतात, साखरेच्या किंवा पिठाच्या ग्रॅमला 4. थंडीत शरीराला हेच जळण लागतं. लाडू घरीच सुपारीएवढ्या आकाराचे वळा आणि चढाईच्या दिवशी सकाळपासून जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

दुसरी परीक्षा हातमोज्यांची. हातमोजे घालूनच पाकीट उघडा आणि खा. चिवडा इथे नापास होतो, कितीही आवडता असला तरी. तो मुक्कामावर खा.

सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, नक्की न्या. वजनाला हलके, प्रथिनांनी भरलेले. संध्याकाळच्या खिचडीत मूठभर पडले की जेवणाला घरची चव येते. दुहेरी पिशवीत बांधा आणि ज्यांच्या घरी उतरणार त्यांना आधी विचारा, कारण तो वास सगळ्यांना चालत नाही. काझाच्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. कुकर आहे का, तेही विचारून घ्या. पाण्याची बाटली रुंद तोंडाची असावी आणि उलटी ठेवावी. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणून उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं. सॅकमधून नळीने पाणी पिण्याची सह्याद्रीतली सवय मात्र सोडावी लागते, ती नळी काही मिनिटांत गोठते. आणि खोबरेल तेल! 24 अंशांच्या खाली ते थिजतंच. स्पितीत ती बाटली निव्वळ ओझं. तिथली हवा कोरडी आणि ऊन प्रखर, तेव्हा ओठांसाठी व्हॅसलिन आणि चेहऱ्यासाठी सनस्क्रीन हवंच.

आता कपडे. सुती बनियन घरी राहिलं पाहिजे, यावर तडजोड नाही. पटत नसेल तर एक सुती आणि एक पॉलिस्टरचं बनियन एकाच बादलीत भिजवा, सारखंच पिळा आणि दोन्ही वाळत घाला. किहीमच्या दमट हवेत सुती बनियन कितीतरी वेळ ओलं राहतं. स्पितीत ओला कपडा अंगाची ऊब खेचून घेत राहतो. चढणारा अर्धा तास घामाघूम होतो. नंतर दोर सांभाळत तासभर सावलीत उभा राहतो, आणि थंडी तेव्हाच गाठते. म्हणून अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. उभं राहण्याच्या वेळेसाठी या सगळ्यावरून चढेल एवढं मोठं, जाड भरावाचं जॅकेट वेगळं. ते सॅकमध्ये सगळ्यात वर असावं.

पैसा कुठे घालावा, याबद्दल माझं मत ठाम आहे : बूट आणि हातमोजे. आइस अ‍ॅक्स, बुटाला बांधायचे दातेरी क्रॅम्पॉन, बर्फात फिरवायचे स्क्रू भाड्याने किंवा आयोजकांकडून मिळू शकतात. दुसऱ्याच्या मापाचा बूट पायाचा घात करतो. क्रॅम्पॉनचे पुढचे दाते बर्फात रोवताना दिवसभर लाथा माराव्या लागतात. अंगठा बुटाला आतून टेकत असेल तर दोन दिवसांत नख काळं पडतं. जाड मोजा घालून पायरीच्या कडेवर लाथ मारून बघा. ऊब हवी म्हणून मोज्यावर दुसरा मोजा चढवू नका, बूट घट्ट झाला की रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतो.

हातमोज्यांचे तीन जोड हवेत : चढताना पातळ, उभं राहताना जाड, तिसरा कोरडा आणि राखीव. मासळी बाजारातून पिशवीभर बर्फ आणा, हातमोजे घालून तो काही वेळ धरा आणि लगेच आठाची गाठ मारा, कॅरॅबिनर उघडा, क्रॅम्पॉनचा पट्टा आवळा. जमलं नाही तर हातमोजा बदला. बर्फाच्या कारखान्यातून लादी मिळाली तर तिच्यात आइस स्क्रूही फिरवून बघता येतो. बाहेर काढल्यावर पोकळीतला बर्फ लगेच झटकायची सवय तिथेच लावून घ्या, कारण तो आत गोठून बसला की पुढच्या वेळी स्क्रू घुसत नाही.

चढताना हात बराच वेळ डोक्यावर राहतात आणि त्यातलं रक्त उतरतं. खाली आल्यावर ते परत येतं तेव्हा जीवघेणी कळ येते, मळमळतंही. ती ओसरते. घाबरायचं ते बोट पांढरं पडून लाकडासारखं बधिर झालं तर. ते चोळू नका, शेगडीवर धरू नका. काखेत धरून ऊब द्या आणि त्या दिवसाची चढाई थांबवा.

पायांच्या पोटऱ्यांसाठी कनकेश्वरचा डोंगर आहे. 700च्या वर पायऱ्या, पाठीवर भरलेली सॅक, आणि मधूनमधून टाचा हवेत ठेवून फक्त चवड्यांवर चढणं. पुढच्या दात्यांवर उभं राहताना हेच स्नायू पेटतात. तंत्र मात्र पायऱ्यांवर येत नाही. 1998 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेले सुरेंद्र चव्हाण असोत की 2019 मध्ये कांचनजुंगा चढलेले गिरिप्रेमी संस्थेचे 10 गिर्यारोहक, सह्याद्रीच्या खडकाने बर्फ शिकवलेला नाही. त्यासाठी उत्तरकाशीची नेहरू संस्था किंवा मनालीची संस्था गाठावी लागते. तिथला बेसिक कोर्स झालेला नसेल तर हे सामान विकत घेऊ नका.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक काम असतं, त्याबद्दल पहाडातली पुस्तकं फारसं बोलत नाहीत : खारी हवा. क्रॅम्पॉनच्या दात्यांना इथे एका पावसाळ्यात गंज धरतो, अ‍ॅल्युमिनियमच्या कॅरॅबिनरवर पांढरी पूड उमटते. परत आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, पोलादाला तेलाचा हात द्या आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पिसांचं जॅकेट दाबून पिशवीत कोंबलं तर गणपतीपर्यंत त्याला बुरशीचा वास येईल. ते कपाटात सैल टांगा. निघण्याच्या महिनाभर आधी हे सगळं बाहेर काढून तपासा, म्हणजे बदलायला वेळ राहील.

मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला जाणार असाल तर सॅक गाडीतच ठेवा, डेकवर उडणाऱ्या तुषारांपासून दूर. विमानात टोकदार सामान चेक-इनमध्ये, टोकांना रबरी टोप्या लावून. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच. गॅसची डबी दोन्हीकडे चालत नाही, ती तिकडेच घ्यावी लागते. घेताना आत काय आहे ते वाचा. नुसता ब्युटेन शून्याच्या जवळ थंड पडतो, डबीतून वायू निघत नाही. प्रोपेन मिसळलेली डबी मागा.

पुढच्या आठवड्यात : स्पितीत पोहोचल्यावरचे पहिले तीन दिवस, आणि त्या दिवसांत धबधब्याकडे का जायचं नाही.