आधी हात धुऊन या

धातूंच्या तपासणीला आलेल्या माणसाला मी सुईआधी हात धुवायला पाठवतो. स्पिरिटच्या बोळ्यावर भागवत नाही. साबण लावून कोपरापर्यंत. वाशिमला हिंगोली नाक्याजवळ बावीस वर्षं रक्त काढतोय, पण साखर किंवा थायरॉइड तपासायला आलेल्याला असं कधी सांगितलं नाही.

ही सवय मला एका बॅटरीवाल्यानं लावली. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या खोलायच्या, प्लेटा काढायच्या, शिसं वितळवून जोड मारायचे, हे त्याचं रोजचं काम. चार महिने पोटात मुरडा, शौचाला होत नाही, अंगात त्राण नाही. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण फरक पडेना. डॉक्टरांनी पुन्हा सीबीसी सांगितली. मशीननं आकडे दिले. मी सवयीप्रमाणे काचपट्टीवर रक्ताचा थर ओढला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लाल पेशींमध्ये बारीक निळसर ठिपके, खसखस सांडल्यासारखे. पेशी तयार होताना उरलेला माल एरवी साफ होऊन जातो. शिसं ती साफसफाईच बंद पाडतं, आणि राहिलेला माल असा ठिपक्यांनी दिसतो. थॅलेसेमियातही हे ठिपके असतात, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही. डॉक्टरांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "याचा धंदा काय आहे?"

चार महिन्यांत हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

मग मी घोटाळा केला. हाताशी होती त्या लाल टोपणाच्या नळीत रक्त घेतलं आणि शिसं मोजायला मुंबईला पाठवलं. लॅबनं नमुना परत केला. बरोबरच होतं त्यांचं. इतक्या सूक्ष्म मोजणीत नळीच्या रबरातला, काचेतला धातूसुद्धा आकड्यात मिसळतो. त्यासाठी गडद निळ्या टोपणाची, धातूमुक्त केलेली नळी मिळते. शिशासाठी जांभळ्या टोपणाचीही चालते, पण आधी लॅबला विचारून. आणि बोटांवरची शिशाची धूळ नमुन्यात गेली, तर आकडा रक्ताचा की धुळीचा, हे कोण सांगणार?

सूक्ष्म म्हणजे किती सूक्ष्म? रक्तातलं शिसं मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आकडा ५ किंवा त्याहून जास्त आला तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि ते बंद करा. उन्हाळ्यात आपल्याकडे येतात तसे दहा हजार लिटरचे शंभर टँकर उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून पाच तोळे शिसं विरघळवा. ५ म्हणजे एवढं. हे मोजणारं मशीन नमुना आर्गॉन वायूच्या ज्योतीत सोडतं. ती सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तापलेली असते. त्यात सगळ्याचे अणू सुटे होतात आणि मशीन ते वजनानुसार वेगळे करून मोजतं. असलं मशीन आमच्या जिल्ह्यातल्या छोट्या लॅबला परवडणारं नाही. आम्ही फक्त नळी नीट भरायची.

दुसऱ्या नमुन्यात बॅटरीवाल्याचा आकडा पन्नाशीच्या वर आला. त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी त्याच्या चार वर्षांच्या मुलीलाही बोलावलं, कारण बाप कामाच्याच कपड्यांत घरी जाऊन तिला उचलून घ्यायचा. तिचा आकडा १४ निघाला. तिला शिसं बाहेर काढणारं औषध दिलं नाही. ते साधारण ४५च्या वर गेलेल्या मुलांसाठी असतं. कपडे दुकानातच बदलायचे, घरात झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसायचं आणि तिला लोह द्यायचं. लोह कमी पडलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं.

आता मी आधी प्रश्न विचारतो. धंदा काय? घराजवळ भट्टी आहे का? वैदूकडून कुठलं भस्म घेता का? देवाला शेंदूर घरी कालवता का? खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. हळद कुठली वापरता? एक म्हातारी वैतागली, "सुई टोचायची तं टोचा भाऊ, कायले एवढं इचारता?"

हळदीचं विचारतो, कारण माझा भाऊ रिसोडकडे हळद लावतो. आमच्या हळदीत शिसं आहे, असं मुळीच म्हणत नाही. पण बांगलादेशात घडलं ते आम्ही दोघांनीही वाचलंय. तिथे हळकुंडांना पॉलिश करताना झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळायचे. हा शिशाचा पिवळा रंग. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा स्टॅनफर्डच्या आणि ढाक्याच्या संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण ताडून पाहिलं. रक्तातलं प्रमाण हळदीतल्या शिशाशी जुळलं. नुसता आकडा मूळ सांगत नाही, समस्थानिकांचं हे प्रमाण सांगतं. नंतर बाजारात छापे पडले, दंड झाले. भेसळीचे नमुने २०१९मध्ये ४७ टक्के होते, ते २०२१मध्ये शून्यावर आले, आणि हळद-गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. भाऊ म्हणतो, गिऱ्हाईक पिवळंधमक मागतं तोवर मोह राहणारच.

बाकीच्या धातूंची तऱ्हा निराळी. आर्सेनिक लघवीत पाहतात, आणि तेही गेल्या काही दिवसांतलंच कळतं. मुंबईला जाऊन सुरमई-कोळंबी खाऊन आलेल्याचा आकडा फुगतो, पण माशातलं ते आर्सेनिक निरुपद्रवी असतं. म्हणून चार दिवस थांबा म्हणतो. मासळीतून आलेला पारा रक्तात शोधायचा, वाफेतून आलेला लघवीत.

हल्ली 'संपूर्ण शरीर, सर्व जड धातू' अशी पॅकेजं निघाली आहेत. माझ्या कमिशनचं नुकसान होतं, तरी मी लोकांना परत पाठवतो. काही जण तर आधी धातू ओढून काढणारं औषध देतात आणि मग लघवी तपासतात. त्या औषधानं कुणाच्याही लघवीतला आकडा चढेल. त्याला ताडून बघायला मान्य असा मापदंडच नाही. घाबरलेला माणूस मात्र पुढच्या 'उपचारा'चे पैसे भरून मोकळा होतो.

बॅटरीवाला तीन महिन्यांनी पुन्हा आला. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांत मुरलेलं वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. म्हणून पुन्हा मोजावं लागतं. बाहीचं बटण त्यानं आधीच सोडलं होतं. मी काही बोलायच्या आत दोन्ही हात पुढे केले.

"दोनदा धुतले, भाऊ."

नखांच्या कडा अजून काळ्या होत्या. मी नळाकडे बोट दाखवलं.