संकरित बगळ्याची परीक्षा

जूचंद्रच्या मिठागरांत जो शुभ्र बगळा दिसतो, त्याची चोच सरळ, सडपातळ व काळी आणि काळ्या पायांचे पंजे तेवढे पिवळे असतील, तर तो बहुधा लहान बगळा होय. परंतु चोच जाडसर, किंचित बाकदार व तपकिरी-पिवळसर आणि पिवळेपणा पंजावरून नळीवर चढलेला असेल, तर तो समुद्री बगळा, ज्याचे गडद रूप पाटीसारखे करडे, गळा मात्र पांढरा. या दोन जातींच्या संकराच्या नोंदी आहेत हे खरे. तथापि पांढऱ्या पंखांत चार करडी पिसे दिसताच संकराचा दाखला देणे हा उतावीळपणाच, कारण शुद्ध समुद्री बगळाही असा चितकबरा असतो. चोच, पाय व पिसे यांची साक्ष जुळली, तरी दप्तरी नोंद ‘संभाव्य संकर’ अशीच करावी.